दगडातील थेंबाची साक्ष



सावद्याच्या खाणींतील चकाकणारे स्फटिक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. स्फटिक वाढताना भोवतालच्या द्रवाचा सूक्ष्म थेंब कधी कधी त्यात कोंडला जातो. पुढे तो निवून आकसतो आणि त्यात बुडबुडा उमटतो. सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक तापवीत गेले, की एका तपमानाला बुडबुडा नाहीसा होतो. थेंब कोंडला गेला तेव्हा निदान तेवढी उष्णता होती, असे समजावे.

भूगर्भात सरकणाऱ्या खनिज तेलाचाही थेंब असाच अडकतो आणि अतिनील किरणांत चमकतो. थर केव्हा किती तापले हे ठाऊक असेल, तर तेल केव्हा आले याचा अंदाज बांधता येतो. १९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले. त्या सागरी पट्ट्यातील खडकांतले असे थेंब शास्त्रज्ञांनी तपासले आहेत.

आपल्या तापीखोऱ्यातही काळ्या पाषाणाखाली जुने गाळाचे थर असल्याचे संकेत भूभौतिक पाहणीत मिळाले आहेत. मग तेलाची आशा धरावी काय? कोरडी विहीरही कोट्यवधी रुपये गिळते! तेल निघून गेले, तरी थेंब त्याची साक्ष देतो. पण थेंब सापडला म्हणजे साठा आहेच, असे नव्हे. आशा जरूर धरावी, मात्र साक्ष तपासून.