आमच्या घरात कुणाला नाही



गास, नाळे, निर्मळ, आपल्या कुठल्याही गावात स्तनाच्या कर्करोगाचा विषय काढा, बायकांमधून एक वाक्य हमखास येतं : ‘आमच्या घरात कुणाला नाही.’ एवढं म्हटलं की बोलणारीला हायसं वाटतं आणि तपासणी राहून जाते. आज मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे.

घराण्याचा संबंध असतो, हे खरंच. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता आणि संप्रेरकं यांचं नातं तपासलं. पुढे १९९४ साली बीआरसीए-१ हे जनुक शास्त्रज्ञांच्या हाती लागलं. डीएनएची मोडतोड दुरुस्त करायची आणि गाठ होऊ द्यायची नाही, हे त्याचं काम. ते आईकडून किंवा वडिलांकडून बिघडलेलंच आलं, तर धोका फार वाढतो. पण अशा वारशाने होणारे स्तनाचे कर्करोग शंभरात पाच ते दहाच. मग बाकीच्या बायकांचं काय?

त्यांतल्या काहींच्या गाठी तपासल्या, तेव्हा चकित करणारी गोष्ट दिसली. जनुक जागच्या जागी होतं, त्यातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं, तरी ते गप्प होतं. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात सायटोसिन नावाच्या घटकावर मेथिलचे बारीक गट चिकटतात, डीएनए तिथे घट्ट आवळला जातो आणि पेशीला ते जनुक वाचता येत नाही. आपल्या वाडीत पाटाच्या तोंडाशी मातीचा बांध घातला, की विहीर तुडुंब असूनही केळीच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसं हे आहे. आणि एका पेशीच्या दोन झाल्या, की हे गट दोन्हींत तसेच उतरतात. वारसा नसलेल्या स्तनाच्या कर्करोगांतही दहातल्या एखाद्या गाठीत बीआरसीए-१ असं बंद पडलेलं सापडतं. पुष्कळदा ती गाठ ट्रिपल निगेटिव्ह प्रकारची असते. तिच्यावर संप्रेरकांची औषधं चालत नाहीत, आणि आपल्या देशात हा प्रकार तुलनेने जास्त आढळतो.

म्हणजे आई, मावशी, आत्या सगळ्या ठणठणीत असल्या, तरी आपल्या एखाद्या पेशीत हे घडू शकतं. घराण्याचा इतिहास चांगला असणं ही हमी नव्हे.

हे मेथिल गट हटवणारी औषधं आहेत. ॲझासायटिडीन हे त्यांतलं एक, २००४ पासून रक्ताच्या काही आजारांत ते वापरलं जातं. स्तनाच्या कर्करोगात मात्र ते नेहमीच्या उपचारांत आलेलं नाही. तोवर आपल्या हातात काय आहे? अक्षरशः हातच आहेत.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करत. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. बोटांच्या पेरांनी संपूर्ण स्तन आणि काख दाबून पाहायची, एवढंच. वीस वर्षांच्या पाहणीनंतर, २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. उरलेल्या वस्त्यांच्या तुलनेत पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण ते कुठल्याही गावात करता येण्याजोगं आहे.

पहाटे भाजीच्या टोपल्या घेऊन लोकल गाठणाऱ्या आपल्या बायका दुखणं अंगावर काढत राहतात. स्तनातली गाठ तर सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असं म्हणत महिने जातात. काखेत गाठ, स्तनाग्र आत ओढलं जाणं, कातडीला खळी पडणं, स्तनाग्रातून रक्ताळ पाणी येणं, यांतलं काहीही दिसलं तर सणवार, लग्नकार्य उरकण्याची वाट पाहू नका. तिशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत करण्याची योजना आहे. या आठवड्यात स्वतः जा, आणि जाताना शेजारणीलाही बरोबर घ्या.