शीर तुंबते तेव्हा
(वार्षिक सभेत नेत्रविभागातर्फे झालेले भाषण)



मोतीबिंदू आपल्या परिचयाचा आहे. तो सावकाश पिकतो, वाट पाहतो. आज ज्या विकाराविषयी बोलायचे आहे तो वाट पाहत नाही. सकाळी उठावे आणि एका डोळ्यापुढे धुके दाटलेले असावे. वेदना नाही, लाली नाही. दुखत नाही म्हणूनच घरचे म्हणतात, ‘नंबर वाढला असेल, दिवाळीनंतर दाखवू.’

दृष्टिपटलातील रक्त परत नेणारी नीला तुंबली की असे घडते. रोहिणी व नीला जेथे एकमेकींना छेदतात, तेथे दोघींचे बाह्य आवरण एकच असते. वाढत्या रक्तदाबाने रोहिणी टणक झाली की शेजारची मऊ नीला दबते आणि तिच्यात गुठळी धरते. मागे साचलेले रक्त दृष्टिपटलावर पाझरते आणि बारीक अक्षर वाचणारा मधला भाग सुजतो. एखादी शाखा तुंबली तर हानी मर्यादित राहते. मुख्य नीला तुंबल्यास सबंध डोळाच धोक्यात येतो. रक्तपुरवठा फार खालावल्यास नको त्या नव्या वाहिन्या फुटून वेदनादायी काचबिंदू होतो. जुनी मंडळी त्याला ‘शंभर दिवसांचा काचबिंदू’ म्हणत.

१९८४ साली अमेरिकेतील अभ्यासाने शाखेच्या विकारातील सुजेवर लेसर उपयुक्त ठरवला. मुख्य नीलेच्या सुजेत मात्र त्याने दृष्टी सुधारत नाही, हे १९९५ मध्ये दिसले. खरा पालट इंजेक्शनांनी घडवला. आतड्याच्या कर्करोगासाठी निघालेले बेव्हासिझुमॅब २००५ पासून डोळ्यात वापरले जाऊ लागले. एका कुपीतून अनेकांच्या मात्रा निघतात, म्हणून ते स्वस्त पडते; अर्थात निर्जंतुकतेत तसूभरही ढिलाई चालत नाही. मुख्य नीलेच्या विकारात ते महागड्या अफ्लिबर्सेप्टपेक्षा ६ महिन्यांअखेर उणे ठरले नाही, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले.

परंतु एका इंजेक्शनाने भागत नाही. सूज पुन्हा येते. महिन्या-महिन्याने यावे लागते. थोडे दिसू लागले की रुग्ण येईनासा होतो, किंवा एस.टी.चे भाडे आणि सोबतच्या मुलाचा बुडालेला रोज परवडत नाही. देणगीदारांना यंत्र देणे आवडते, त्यावर नाव कोरता येते, आणि यंत्रे हवीतच. तथापि तिसऱ्या इंजेक्शनाचा व प्रवासाचा खर्च कोणी उचलला, तर त्यावर पाटी लागणार नाही, पण डोळा राहील.

आप्तांना एक विनंती. रुग्णाचा रक्तदाब, साखर आणि दुसऱ्या डोळ्याची तपासणी त्याच भेटीत करून घ्या. रक्तदाबाची गोळी ‘बरे वाटते’ म्हणून बंद केलेली असेल, तर ते डॉक्टरांना त्याच वेळी सांगा.