ओकलंडच्या पोलिसांवर बाहेरची नजर



सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे ओकलंड हे शहर आहे. २००० साली तिथल्या पोलीस दलात नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुणाने तक्रार केली. ‘रायडर्स’ म्हणवणारे त्याचेच सहकारी लोकांना मारत, त्यांच्याकडे अमली पदार्थ सापडल्याचं दाखवत, खोटे अहवाल लिहीत. दोन खटले चालले. शिक्षा कुणालाच झाली नाही. पण ११९ जणांच्या दिवाणी दाव्यात शहराने सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर मोजले आणि २००३ मध्ये न्यायालयापुढे लेखी मान्य केलं, की पोलीस दल सुधारू आणि बाहेरचा निरीक्षक ते तपासेल. काम पाच वर्षांत उरकेल असा अंदाज होता. वीस वर्षं उलटली तरी देखरेख संपली नव्हती.

ती खर्चिक आहे, अशी ओरड होते, आणि तीत तथ्य आहे. पण २०१६ आठवा. एका किशोरवयीन मुलीच्या लैंगिक शोषणात पोलीसच गुंतल्याचा संशय होता आणि खात्याने चौकशी वरवर उरकली होती. न्यायाधीश थेल्टन हेंडरसन यांनी ती निरीक्षकाच्या नजरेखाली करायला लावली, म्हणून प्रकरण बाहेर आलं. हे आतल्या माणसांकडून झालं नसतं, असं मी ठामपणे म्हणेन.

कधी सुधारणा अगदी लहान असते. वाहन अडवल्यावर पोलिसाने भरायच्या फॉर्मात स्टॅनफर्डच्या जेनिफर एबरहार्ट यांच्या गटाच्या सल्ल्याने एक प्रश्न वाढवला: या माणसाला अडवण्यामागे एखाद्या गुन्ह्याची ठोस माहिती होती का? हो की नाही? नुसता संशय पुरेनासा झाला. २०१७ मध्ये सुमारे ३२ हजार वेळा लोकांना अडवलं होतं, पुढच्या वर्षी सुमारे १९ हजार वेळा. कृष्णवर्णीयांना अडवण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी उतरलं.

२०२२ मध्ये न्यायालयाने शेवटचं परीक्षावर्ष दिलं. तेवढ्यात कळलं, की एका सार्जंटने सरकारी गाडीने उभ्या गाडीला धडक देऊन पोबारा केला होता, नंतर पोलीस इमारतीच्या लिफ्टमध्ये गोळी झाडली होती, आणि खात्याची चौकशी पुन्हा कच्ची निघाली. पोलीसप्रमुखांना जावं लागलं, देखरेख लांबली.

न्यायालय कधीतरी बाजूला होईलच. मतदारांनी २०१६ मध्ये कौल देऊन उभारलेला नागरिकांचा पोलीस आयोग तेव्हा ही जबाबदारी पेलेल का, हा खरा प्रश्न आहे. शहराने त्याला आतापासूनच पुरेसे तपासनीस आणि पैसा द्यायला हवा.