चहाच्या माहेरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानानंतर चहापान होईल, अशी सूचना आताच देण्यात आली. माझा विषयही चहाच असल्यामुळे श्रोत्यांचे चित्त दोन ठिकाणी विभागले जाईल, ही भीती मला नाही.

भारतात पिकणाऱ्या चहापैकी निम्म्याहून अधिक चहा आसामात होतो. पुण्याच्या अमृततुल्यात उकळणारी भुकटी बहुधा याच ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून गेलेली असते. आपण नोकरीधंद्याच्या निमित्ताने चहाच्या माहेरी येऊन राहिलो. पण आपल्या स्वयंपाकघरातील चहा मात्र सासरचाच राहिला. येथील मळ्यांहूनही जुना असा एक चहा या मातीत आहे. तो सिंगफो लोकांचा 'फालाप'.

सिंगफो जमातीची वस्ती तिनसुकिया जिल्ह्यात आणि अरुणाचल प्रदेशातील चांगलांग जिल्ह्यात आहे. सीमेपलीकडे म्यानमारात त्यांचेच भाऊबंद काचिन म्हणून ओळखले जातात. त्यांच्या भाषेत 'लाप' म्हणजे पान आणि 'फालाप' म्हणजे चहा.

शालेय पुस्तकांत आपण वाचतो की, १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस यांनी आसामात चहाचा शोध लावला. वस्तुस्थिती अशी की, मणिराम दिवाण यांनी ब्रूस यांना या झाडाविषयी सांगितले आणि बिसा गाम या सिंगफो प्रमुखाने ते दाखवले. ज्याचे पान ही जमात आधीपासून पीतच होती, त्याचा 'शोध' कसला? परंतु कागदावर ज्याची नोंद, त्याची वस्तू, हा न्याय आम्हां सरकारी माणसांच्या चांगल्या परिचयाचा आहे!

पुढचा इतिहास आणखी उद्बोधक आहे. हे झाड खरोखरच चहाचे आणि मूळचे येथलेच आहे, असा निर्वाळा सरकारी समितीने डिसेंबर १८३४ मध्ये दिला. तरीही चीनमधून बी आणवून त्याची रोपे येथे लावण्यात आली. शेवटी आसामच्या हवेत स्थानिक वाणच सरस ठरला. जानेवारी १८३९ मध्ये आसामी चहाच्या आठ पेट्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. या कंपनीत काही काळ दिवाण म्हणून काम करून पुढे स्वतःचे मळे उभारणाऱ्या मणिराम यांना १८५७ च्या उठावातील सहभागाबद्दल १८५८ मध्ये जोरहाट येथे फाशी देण्यात आले. सिंगफोंनीही १८४३ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले होते. मळे वाढत गेले. ज्यांनी झाड दाखवले, ते मात्र कडेला राहिले.

त्यांची कृती मात्र टिकली. कोवळी पाने खुडून कढईत परततात. ती मऊ पडली की हाताने चुरून उन्हात सुकवतात. मग बांबूच्या पोकळ नळीत काठीने ठासून भरतात, तोंड बंद करतात आणि ती नळी चुलीवरच्या मचाणावर धुरात ठेवतात. दिवस जातात, महिने जातात. धूर आणि ऊब आपले काम करीत राहतात. नळी फोडली की आत काळसर, लाकडासारखी घट्ट कांडी निघते. ती कोरड्या जागी वर्षानुवर्षे टिकते.

आता घरी करण्याची रीत. सुरीने कांडीची पातळ चकती कापावी. पेलाभर पाण्याला नखाएवढा तुकडा पुरतो. पाणी खळखळून उकळले की भांडे खाली उतरवावे, तुकडा आत सोडावा आणि तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे. सोनेरी-तांबूस रंग उतरतो, धुराचा मंद वास येतो आणि घोट गिळल्यावर जिभेवर किंचित गोडी रेंगाळते. दूध घालू नये, साखरही घालू नये. तुकडा टाकून देऊ नये. त्यावर आणखी दोन-तीन वेळा उकळते पाणी ओतता येते.

येथे गृहिणी विचारतील, हा काढाच झाला की! तसे नव्हे. आपला गवती चहा नावापुरताच चहा. ते सुगंधी गवत, त्यात कॅफीन नाही. फालाप मात्र खऱ्या चहाच्या पानांचा असल्याने त्याने तरतरी येते. म्हणूनच ज्यांची झोप हलकी, त्यांनी तो रात्री घेऊ नये.

आपल्याला दुधाचा कडक चहा का आवडतो, यालाही कारण आहे. १९३० च्या सुमारास आसामातल्याच आमगुरी मळ्यात पान चिरडून, फाडून, वळवणारे सीटीसी यंत्र निघाले. त्या दाणेदार चहाचा अर्क झटपट उतरतो आणि दुधातही आपली चव राखतो. ती चव वाईट मुळीच नाही. माझी सकाळही तिच्याविना सुरू होत नाही. पण यंत्राने घडवलेली चव हीच चहाची एकमेव चव, असे मानण्याचे कारण नाही.

मित्रहो, आपल्या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव, नाटके आणि पुरणपोळी जपली, हे मोठे कार्य आहे. परंतु परप्रांतात आपले जपणे हा अर्धा धर्म झाला. ज्यांच्या अंगणात आपण राहतो, त्यांचे जाणून घेणे हा उरलेला अर्धा. आपली मुले येथेच जन्मली, वाढली. उद्या महाराष्ट्रात गेल्यावर त्यांना कोणी विचारले की, 'तुम्ही आसामचे, मग तिथला चहा कसा असतो?', तर त्यांनी भुकटीच्या पुड्याकडे बोट दाखवावे काय?

म्हणून एक सूचना करतो. महोत्सवाच्या समारोपाला एक किटली फालापची असावी. तो सिंगफो कुटुंबांकडूनच, त्यांच्या श्रमाचे योग्य मोल देऊन आणावा आणि त्यांच्यापैकीच कोणास तरी सन्मानाने बोलावून ही कृती त्यांच्या तोंडून ऐकावी. माझ्या तोंडून ती ऐकणे म्हणजे पुन्हा ब्रूसचाच प्रकार व्हायचा.

आता चहा घ्यावा. आज तो दुधाचाच आहे!