श्वानाची जीभ आणि आपले मुख

पाळलेला कुत्रा मुलांचे तोंड चाटू लागला म्हणजे घरची मंडळी कौतुकाने हसतात. त्या मुक्या जीवाच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. शंका आहे ती त्याच्या लाळेविषयी.

अंगावरील धडधाकट कातडीला कुत्र्याने चाटले तर भिण्याचे कारण नाही. परंतु ओठांची आतली बाजू, डोळे, नाकपुड्या यांना तसे कवच नसते. म्हणून संशयित कुत्र्याची लाळ तेथे लागली, तर जागतिक आरोग्य संघटना त्याची गणना रक्त काढणाऱ्या चाव्याबरोबरच, म्हणजे तिसऱ्या व सर्वांत गंभीर वर्गात करते. शिवाय कुत्रा पिसाळलेला दिसू लागण्यापूर्वीच काही दिवस त्याच्या लाळेत विषाणू उतरलेला असतो. माणसात लक्षणे उमटली की मग वैद्याचा इलाज जवळजवळ चालतच नाही. तेव्हा जागा १५ मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी, डोळे नुसत्या पाण्याने, आणि तडक दवाखाना गाठावा. पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून पुष्कळांना आहे. ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडात टोचतात, तीही थोड्या वेळा.

गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, ते कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस टोचल्यामुळे. मात्र लस टोचलेल्या, निरोगी कुत्र्याच्या मुखातही कॅप्नोसायटोफागा नावाचा जंतू वसतो. एरवी तो निरुपद्रवी. पण ज्यांची प्लीहा काढलेली आहे किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, त्यांच्या रक्तात तो विष पसरवू शकतो. अशांनी कुत्र्याची पाठ थोपटावी, आणि नंतर हात धुवावेत.