वृद्धांचा स्मृतिभ्रंश व घरांतील माणसें



महोत्सवाच्या या दिवसांत आपण पूर्वजांचें गुणगान करीत आहों. परंतु कांहीं पूर्वज अद्याप आपल्या घरांतच बसले आहेत, आणि त्यांना आपलीं नांवेंही आठवत नाहींत. त्यांच्याविषयीं चार शब्द बोलतों.

स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा स्वभाव नव्हे; मेंदूचा विकार होय. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं प्रथम वर्णिला. तो समूळ बरा करणारें औषध अजून निघालेलें नाहीं. म्हणून घरच्यांची वागणूक हाच उपचाराचा मोठा भाग.

सर्वांत कडू प्रसंग चोरीच्या आळाचा. सासूबाई आपल्या बांगड्या तांदळाच्या डब्यांत स्वतःच लपवितात, तें विसरतात, आणि सुनेनें घेतल्या म्हणून शेजारणीस सांगतात. म्हातारी खोटें बोलत नाहीं. स्मरणांतील भगदाड मन कांहीं तरी कथेनें बुजवितें, आणि रात्रंदिवस जवळ असणाऱ्या माणसावरच संशय जातो. अशा वेळीं वाद घालूं नये. ‘चला, आपण दोघी मिळून शोधूं’ एवढेंच म्हणावें, आणि लपविण्याच्या जागा ध्यानांत ठेवाव्या.

रविवारीं अर्धा तास येऊन जाणाऱ्या मुलामुलींना मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. पाहुण्यांसमोर असे रोगी पुष्कळदां नीट बोलतात. तेवढ्यावरून ‘आई तर ठीक आहे, वहिनीच कुरकुरते’ असा निकाल देणें हा अन्याय आहे. एक रात्र तिच्या उशाशीं काढा, मग निकाल द्या!

‘आतांच सांगितलें ना?’ हें वाक्य निरुपयोगी, कारण तें ‘आतांच’ त्यांच्यापाशीं उरलेलेंच नसतें. आवाजांतील राग तेवढा पोहोंचतो. दोन दिवसांत एकाएकीं गोंधळ वाढला, तर तो हट्ट समजूं नका. ताप, लघवीचा दाह, बद्धकोष्ठ असूं शकतें, डॉक्टरांस दाखवा. लहानपणीं पाठ केलेली प्रार्थना पुष्कळदां शेवटपर्यंत टिकते. संध्याकाळीं बेचैनी वाढली कीं माळ हातीं देऊन पाहा.

सिराखाच्या ग्रंथांत, तिसऱ्या अध्यायांत, पित्याची बुद्धि क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घ्यावें असें सांगितलें आहे. ती आज्ञा पुत्राला आहे, एकट्या सुनेला नव्हे. भावाभावांनीं रात्री वांटून घ्याव्या. आणि अशा घरच्या बाईला रविवारीं मिस्साला येतां यावें म्हणून तास-दीड तास तिच्या ओट्यावर बसण्यास जे तयार असतील, त्यांनीं आज मिस्सानंतर मला भेटावें.