यंत्र अडले तर जबाबदार कोण?

(भिलाई येथील सभासद व पालकांच्या सभेतील भाषण)



आपल्या भिलाईत स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ आहे, २०१६ मध्ये स्थापन झालेली आय.आय.टी. आहे. यार्डातल्या आणि पोस्टातल्या कामगारांची मुले आता अशा संस्थांत शिकू लागली आहेत. काही नागपूर-मुंबईला जातात. प्रवेश, फी, परीक्षा, निकाल, सगळे संगणकावर. संगणकाला आपला विरोध नाही. आपला सवाल एवढाच, की यंत्र अडले तर जबाब कोणी द्यायचा?

मुंबई विद्यापीठाचे उदाहरण घ्या. २०१७ च्या उन्हाळी परीक्षेत उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले. परीक्षा ४७७, उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख, आणि सगळे एकदम! काम खाजगी कंपनीला दिले. प्राध्यापकांची पुरेशी तयारी करून घेतली नाही. कायद्याप्रमाणे निकाल फार तर ४५ दिवसांत लागला पाहिजे. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले. २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर केले. पण ज्याचा प्रवेश हुकला, त्याला काय मिळाले?

आता आपली रेल्वे पाहा. सिग्नल बिघडला तर स्टेशन मास्तर सही करून लेखी ऑथॉरिटी देतो आणि गाडी पुढे जाते. यंत्र कधीतरी बिघडणारच, हे धरूनच नियम केला आहे. कोणी काय करायचे आणि सही कोणाची, हे आधीच ठरलेले असते. मग शिक्षणसंस्थांत असे का नसावे?

म्हणून पालक आणि कामगार या नात्याने आपण चार मागण्या करू :

१. नवी पद्धत आधी एका शाखेत चालवून पाहावी, मगच सगळीकडे लावावी.
२. शिक्षक व परीक्षा विभागाच्या कर्मचाऱ्यांना आधी विचारावे, शिकवावे.
३. कंपनीशी झालेला करार उघड करावा. उशीर झाल्यास दंड कोणाला, हे त्यात लिहिलेले असावे.
४. यंत्र अडल्यास हाताने काम करण्याची सोय तयार ठेवावी, आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव फलकावर लावावे.

सरकारी संस्थांना २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू आहे. केंद्राच्या संस्थेकडे अर्जाला दहा रुपये लागतात. तेव्हा निकाल रखडण्याची वाट पाहू नका. आजच विचारा, लेखी विचारा आणि एकट्याने नव्हे, मिळून विचारा.

कामगार एकजुटीचा विजय असो!